सातानं घेतलेली मिशी

मिशीवर पैज कधी लावू नका, एवढंच सांगतो. मी नुकता फायनल पास होऊन रनाळ्याला मास्तर झालो होतो. कापूस तोलणाऱ्या खंडूआप्पाला ऐटीत म्हणालो, "१४२८५७ ला कशानंही गुणा, हेच सहा आकडे जागा बदलून येतात. चुकलो तर मिशी काढीन!" मी सहापर्यंत करून पाहिलं होतं ना!

आप्पानं पाटीवर दोनापासून सहापर्यंत गुणलं. आकडे तेच. मग म्हणतो, "मास्तर, आते सातनं करी दखा."

केलं. ९९९९९९!

न्हाव्याकडून थेट घरी गेलो. ओट्यावर बसलेले वडील मला पाहून पांढरेफटक पडले.

"आरे, मिशी कोनासाठे काढी? मी तं आजून जित्ता शे!"