राणोजी खासदारांचं कपाळ

मंडळी, एक सांगा. दिलेला शब्द मोडला, तर ते आधी कुणाला कळतं? जगाला? देवाला? थांबा, माना डोलवू नका. माना डोलवायला आपण फार हुशार!

ऐका. माणदेशातले राणोजी देवकाते. मेंढरांमागं वाढलेला माणूस, निवडून गेला तो थेट दिल्लीच्या लोकसभेत! त्या काळी खासदार नुसता दिसला, तरी लोक महिनाभर सांगत फिरायचे. मतं मागताना राणोजींनी खंडोबापुढं बेलभंडार उचलला होता — हातात बेलाचं पान, चिमूटभर हळद — धनगरांचं चराऊ कुरण कारखान्याला जाऊ देणार नाही!

दिल्लीत पक्षाच्या पुढाऱ्यांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. मंत्रिपद देतो म्हणाले. कुरणाचा विषय निघाला की गप्प राहायचं. खोटं बोलायचं नाही हो, नुसतं गप्प! राणोजी 'बरं' म्हणाले.

शपथविधीआधी ते देवदर्शनाला आले. गावाला या सौद्याचा पत्ताच नाही. ढोल काय, भंडाऱ्याची उधळण काय — पांढरी मोटार पिवळी झाली! त्यांची म्हातारी आत्या, हौसाबाई, भंडारा लावायला पुढं आली. आमच्याकडची रीत अशी, की बेलभंडाराचा शब्द मोडलेल्यानं कबुली दिल्याशिवाय कपाळी भंडारा घेऊ नये. आत्याचं बोट जवळ आलं — आणि राणोजींची मान मागं गेली. आपोआप! पाहिलंत? आधी कळलं ते मानेला.

ढोल थांबले.

"राणू, माझा हात धुतलेला हाय."

"हात न्हाई आत्ती. कपाळ खरकटं हाय."

देवळातच त्यांनी सगळं सांगितलं. पंचांनी समजूत काढली — मंत्रिपद घ्या, कुरणाचं मागनं बघू. आत्या एवढंच म्हणाली, "लावू का नको, ते सांग."

राणोजी उठले, पोस्टात जाऊन दिल्लीला फोनवर नाही म्हणाले, अन् परत येऊन आत्यापुढं वाकले. पुढं भर लोकसभेत असे बोलले, की कुरण वाचलं! मंत्री दुसराच झाला.

केवढा माणूस, मंडळी! चिमूटभर हळद त्याला पेलवेना, म्हणून मंत्रिपद टाकलं!

पुढच्या निवडणुकीला पक्षानं तिकीट दिलं नाही. एकटे उभे राहिले. पडले. पाडलं कुणी? दिल्लीनं? छे! त्याच कुरणात ज्यांची मेंढरं चरत होती, त्यांनी. म्हणे, सत्ता नसलेला माणूस काय कामाचा!

चांगली माणसं उरली नाहीत म्हणून पारावर बसून हळहळता ना? एक मिळाला होता. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडण्याआधी सांगा — आपण त्याचं काय केलं?