पिवळ्या पंजांचा बगळा

मालेगावात मोटारीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात.

"शाळेत गेल्यावर मास्तरची माफी माग, प्रयागा. नाई तं शाळेतून नाव काढतील."

"काहून, आबा? मी खोटं नाई बोलली."

"पुस्तकात बगळ्याची चोच पिवळी हाय, अन् तू मास्तरले काळी म्हनली."

"थो गायीमागं फिरनारा. तळ्यातल्याची काळी. पाय काळे, पंजे पिवळे."

"पांढरा तो बगळा. सोड आता."

"आपले दोन पांढरे बैल तुमी दुरून वळखता. मंग मी बगळे काहून वळखू नाई?"

"लय बोलते!"

"थो पाहा, डबक्यात. पाय उचलू द्या त्याले."

"...अवो माय! पंजे तं हळद लावल्यावानी!"

"मोटार आली, आबा. माफी मागू?"

"कायची माफी? मास्तरलेच तळ्यावर घेऊन येऊ."