शंकेचा एक गुण

वडीलधाऱ्यांनो, मामी, आणि चारठाण्याहून मुद्दाम आलेल्या मंडळींनो,

रोज वर्गात बोलतो मी, आज शोकसभेत बोलायचं आलंय. तुमचे ते भगवानराव सर. माझे मामा. बोरीत त्यांच्याच घरी मी वाढलो, आणि आता त्यांच्याच शाळेत गणित शिकवतो.

पेपर तपासताना मामांचा हात लय सैल. उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असली की मार्क. पास व्हायला थोडं कमी पडलं, तर पेपर पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. कबड्डीचे पंच झाले की मात्र दगड. मी विचारलं, मामा, असं का? म्हणाले, "लेकराला एक मार्क दिला तर कुणाचं काय जातंय? मैदानात एकाला दिला की दुसऱ्याचा जातो."

पटतं ना? मलाही पटलं होतं. आपल्या आणि चारठाण्याच्या अंतिम सामन्यापर्यंत.

मामा आपल्या गावाच्या सामन्याला कधी पंच व्हायचे नाहीत. त्या दिवशी ठरलेले पंच आलेच नाहीत. चारठाण्याचीच माणसं म्हणाली, "सर असू द्या, आमाला चालतंय." शेवटची चढाई माझी. गुण बरोबरीत. गड्याला शिवून मी परत फिरलो आणि शिट्टी वाजली. दम तुटला म्हणे. आपण हरलो. जिल्ह्याच्या संघातली माझी जागा गेली.

"सर, भाचा हाय का दुश्मन?" इथल्याच कुणीतरी विचारलं होतं. मी मामांशी बोलणंच सोडलं. त्या पावसाळ्यात एकाच घरात मामी आमचे निरोप इकडून तिकडं नेत होत्या. आठवतं ना, मामी?

गेल्या आठवड्यात परभणीच्या दवाखान्यात मामांनी मला जवळ बोलावलं. "खरं सांग. दम तुटला होता का?"

"न्हाई, मामा."

मामा म्हणाले, "मला शंका होती. शंका आली की गड्याला सोडायचं असतं. चारठाण्याच्या पोराला सोडलं असतं मी. तू घरचा होतास, म्हणून न्हाई सोडलं. माझं चुकलं."

हो म्हणालो असतो, तर ते निवांत गेले असते का? मला अजून ठरवता येत नाही. पण त्यांच्याशी खोटं बोलायला जीभ वळली नाही.

निघताना हात धरून म्हणाले, "तुझा एक गुण माझ्याकडं राह्यला. वर्गात शंका आली, तर लेकराला दे."

देईन, मामा. मला राग होता तुमचा. आता नाही.

मंडळी, आयुष्यभर दुसऱ्याच्या दमावर कान ठेवून उभा राहिलेला हा माणूस. त्यांच्यासाठी आपण उभं राहू, गप्प राहू. आज शिट्टी वाजणार नाही. मामी खाली बसल्या, की मगच बसू.