नावेखालचं घर

भूमच्या स्टँडवर नीलाबाई मास्तरीण ईटच्या गाडीची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर धरणावरचं भोई जोडपं बोलत होतं.

“मासळी खात्याच्या नव्या फायबरच्या नावंला भोक पाडलं म्हणं तुमी?”

“येडी का काय! मागं फळी बांधली, अन् मासे हुडकायचं यंत्र फळीलाच बसवलं.”

“दिसत्यात का मासे?”

“मासे दिसत्यात, तळबी दिसतोय. कागदावर रेघ उमटती. धरणात बुडालेल्या आपल्या गावावरनं गेलो, तर रेघ एकदम वर चढली.”

“कुठं?”

“आपल्या घरापाशी. भिताडं उभी हायती आजून.”

ईटची गाडी लागली; नीलाबाईंना उठवेना.

“उद्या मलाबी न्या,” मागून बाईचा आवाज आला.

“चल की.”

“पर पायताण काठावरच काढा. घरावरनं जायचंय.”