तातडीचे नाही असे मीच सांगितले

जबाब देणार: मयताची पत्नी, वय ७६ वर्षे, धंदा: निवृत्त टेलिफोन ऑपरेटर (नोकरी ३१ वर्षे), राहणार: पाण्याच्या टाकीसमोरची चार मजली इमारत, चौथा मजला, गच्चीखालचे घर.

मी आज पोलीस ठाण्यात आपणहून आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही. विचारल्यावरून समक्ष सांगते की, माझ्या मुलाने काल याच ठाण्यात एसी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीविरुद्ध तक्रार दिली आहे. घरात वृद्ध माणूस असल्याचे माहीत असूनही मिस्त्री वेळेवर आला नाही व त्यामुळे माझे पती दगावले, असे त्यात लिहिले आहे. ते खरे नाही. मुलगा खोटे बोललेला नाही. त्याला जे सांगायला हवे होते ते मी सांगितले नव्हते.

वरील पत्त्यावर मी व माझे पती, वय ७९, असे दोघेच राहत होतो. मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो. पती शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. त्यांना सगळे 'सर' म्हणत, मीही म्हणत असे. म्हातारा हा शब्द त्यांना खपत नसे. बसमध्ये कोणी उठून जागा दिली, तर ते पुढच्या थांब्यावर उतरून चालत घरी येत. मला त्याचा त्रास नव्हता. कौतुकच होते, हे लिहून घ्यावे.

मंगळवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी आमच्या निजायच्या खोलीतला एसी गार हवा देईनासा झाला. वेळा मी नेमक्या सांगते, कारण घड्याळ पाहून नोंद करायची नोकरीतली सवय सुटलेली नाही. त्या दिवशी तापमान ४६ अंश होते. ऊन मी म्हणत होते. भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. सर गच्चीवर जाऊन आले व म्हणाले, "बाहेरचा पंखा फिरत नाहीये, नुसतं गुणगुणतंय."

११ वाजून ५५ मिनिटांनी मी मिस्त्रीला फोन लावला. नोकरीतल्या हेडफोनमुळे माझा डावा कान मंद झाला आहे, म्हणून मी स्पीकर लावून बोलते. सर समोरच्या खुर्चीत बसले होते व त्यांना सगळे ऐकू येत होते. बोलणे झाले ते असे:

"ताई, पंखा फिरत नाही आणि आवाज येतोय ना? मग कपॅसिटर गेला असेल. दहा मिनिटांचं काम आहे. पण हातात एकोणीस घरं आहेत. एवढं सांगा, घरात तान्हं बाळ, म्हातारं माणूस, आजारी असं कोणी आहे?"

मी सरांकडे पाहिले. सर माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "नाही. आम्ही दोघंच आहोत."

"मग ताई, उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. आठला दारात असेन. तोवर एसी बंदच ठेवा."

त्याने मला ताई म्हटले यात त्याची चूक नाही. माझा आवाज वयाच्या मानाने तरुण आहे. नोकरीत तो तसा लावून घ्यावा लागतो व नंतर तो तसाच राहतो. मिस्त्रीची पद्धत अशी आहे, की उन्हाळ्यात ज्या घरात बाळ किंवा म्हातारे माणूस असेल ते घर तो यादीत वर घेतो. हे त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितले, पण प्रश्न ऐकताच मला ते कळले होते. एकतीस वर्षे मी लोकांना हाच प्रश्न विचारला आहे. कॉल तातडीचा आहे का? हो म्हणणाऱ्याला मी पुढे जोडून देत असे, बाकीचे थांबत. त्यामुळे मला प्रश्न समजला नाही, असे मी म्हणू शकत नाही.

१ वाजून १५ मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण आली. तिच्याकडचा एसी चालू होता. ती म्हणाली, "काकू, दोघंही खाली या. संध्याकाळपर्यंत बसा." सर म्हणाले, "गारव्यासाठी कोणाच्या दारात जाऊन बसायची सवय नाही आपल्याला." मग मला म्हणाले, "तू जा गं." मी गेले नाही.

२ वाजून ३० मिनिटांनी सरांना एकदा उलटी झाली. मी ओला टॉवेल त्यांच्या खांद्यावर घातला व मिस्त्रीला पुन्हा फोन करण्यासाठी फोन उचलला. सर म्हणाले, "कशाला सारखं त्याला छळतेस? उद्याचं ठरलंय ना? ठेव तो फोन." मी ठेवला. त्या वेळी लावला असता तर तो आला असता.

३ वाजून ४५ मिनिटांनी मी टॉवेल बदलायला गेले, तेव्हा सरांच्या अंगाला घाम नव्हता. कातडी कोरडी होती. मला बरे वाटले. मी समजले, उकाडा उतरला. घाम थांबणे हेच धोक्याचे असते, असे रुग्णालयातील डॉक्टरांनी नंतर सांगितले. मला ते माहीत नव्हते.

४ वाजून २० मिनिटांनी सर खुर्चीतून ताठ आवाजात म्हणाले, "रांग सरळ करा." मला वाटले, माझी थट्टा करताहेत. लग्न झाल्यापासून ते माझी अशीच थट्टा करत. मी हात खाली सोडून सावधानमध्ये उभी राहिले. दोन मिनिटे तरी उभी होते. सर हसले नाहीत. त्यांनी मला विश्राम म्हटले नाही.

४ वाजून २५ मिनिटांनी मी रुग्णवाहिका बोलावली. ती ४ वाजून ५० मिनिटांनी आली. खुर्चीत बसवून चार जिने उतरवून सरांना रुग्णालयात नेले. ६ वाजून ४० मिनिटांनी डॉक्टरांनी ते गेल्याचे सांगितले. कारण उष्माघात लिहिले आहे.

बुधवारी सकाळी ८ वाजता मिस्त्री दारात आला. तो दिल्या शब्दाला जागला. सर तेव्हा रुग्णालयाच्या शवागारात होते व मुलगा वाटेत होता. शेजारीण माझ्याजवळ बसली होती. मिस्त्रीला काही ठाऊक नव्हते व मीही काही बोलले नाही. का बोलले नाही, ते मला सांगता येत नाही. तो गच्चीवर गेला, जुना कपॅसिटर काढून नवा बसवला. अकरा मिनिटे लागली. खोलीत येऊन त्याने एसी लावला व हवेसमोर तळहात धरून पाहिला. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "काल फोनवर तुम्हीच होतात? आजी, तुम्ही तर म्हणालात घरात म्हातारं कोणी नाही."

शेजारणीने त्याला काय झाले ते सांगितले. तो पान्हे हातात तसेच धरून उंबऱ्यावर बसला व म्हणाला, "एक शब्द बोलायचा होता, आजी. मी हातातलं काम टाकून आलो असतो."

११ वाजता मुलगा आला. उन्हातून आला होता, म्हणून मी त्याला त्या खोलीत बसवले. खोली छान गार झाली होती. तिथेच बसून त्याने तक्रार लिहिली. लिहिताना त्याने मला विचारले, "आई, त्याला सांगितलं होतंस ना, की घरात बाबा आहेत?" मी मान हलवली. ती मान मी खोटी हलवली. दोन रात्री मी झोपलेले नाही.

माझ्या चुकीचे खापर मला दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचे नाही. त्या दिवशी फोनवर मी असे सांगायला हवे होते, की आमच्या घरात एक वृद्ध माणूस आहे. सर रागावले असते. दोन दिवस माझ्याशी बोलले नसते. पण ते इथे असते.

मिस्त्री सकाळपासून ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून आहे. मी येताना तो उठला व त्याने मला जागा दिली. मी बसले. त्याला घरी जाऊ द्यावे. माझी त्याच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. हा जबाब मुलाला दाखवायला माझी हरकत नाही, पण आधी मी त्याला स्वतः सांगेन.

जबाब लिहून झाल्यावर हवालदारांनी मला तो मोठ्याने, उजव्या कानाच्या बाजूला बसून वाचून दाखवला. त्यांनी सरांचा उल्लेख तीन ठिकाणी 'वृद्ध पती' असा केला होता. तिन्ही ठिकाणचा 'वृद्ध' मी खोडायला लावला. मुलाच्या तक्रारीतला शब्द त्याचा आहे, तो मला खोडता येत नाही. फोनवर मी काय सांगायला हवे होते, त्या वाक्यातला मात्र माझा आहे. तो तसाच ठेवावा. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिले आहे.