नव्या वीराची म्हैस

माण गावात आमच्या खोलीत नागपूरचा कॉम्प्युटरवाला भाड्यानं राहायचा, तेव्हाची गोष्ट सांगतो. नात पिंकी उडणाऱ्या वीरांच्या टोळीचं कॉमिक माझ्याकडंच घेऊन यायची. मला वाचन जड जायचं, म्हणून मी चित्रं बघून गोष्ट रचायचो आणि प्रत्येक वीराच्या दारात एक म्हैस बांधायचो.

मग भाडेकरूनं नवा अंक आणला आणि पोरगी त्याच्याकडंच बसायला लागली. मला ते फार लागलं.

"आबा, जुने वीर गेले. आता नवी टोळी हाय!"

"एक तरी लढाई मारलीय का त्यांनी?"

"अजून न्हाई."

"मग कशाला नाचतीस नव्यांच्या मागं?" मी भाडेकरूकडं बघत म्हणालो.

संध्याकाळी ती कॉमिक घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसली.

"का गं, काकानं हाकललं व्हय?"

"न्हाई. काका नुसतं लिहिलेलंच वाचतो. ह्या नव्याची म्हस कुटं बांधलीय, ते त्याला ठाऊकच न्हाई."