शेडवालं इंजिन

आमच्या वडलांना, म्हंजी आबांना, अर्धंच ऐकायची सवय हाय, हे आधी सांगतो. कॉलेज सोडून वडगाव रासाईला परत आलो, तवा कंप्युटर गेम बनवायचं एक सॉफ्टवेअर घ्यावं का नको, यात महिना घालवला. त्याला गेम इंजिन म्हणतात. त्यातल्या शेडरनं पडद्यावरचं पाणी खऱ्यासारखं चमकतं. शेवटी जेवताना म्हणलं, "आबा, शेडरवालं इंजिन घ्यायचंय."

आबा चक्क हसले. "घेऊ की."

आठ दिवसांनी मला गाडीवर बसवून भीमा नदीवर नेलं. तिथं पाणी उपसायचं नवंकोरं डिझेल इंजिन, आन् वर पत्र्याचं शेड! "घे, शेडसकट हाय. लाग आता शेतीला."

चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोरच मी म्हणलं, "अडाणी ते अडाणीच राहणार तुम्ही. मला कंप्युटरचं इंजिन पायजे होतं."

आबांनी इंजिनावरचा हात काढला. "कंप्युटरलाबी इंजिन असतं व्हय?"

खरंच विचारत होते ते. सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी पाठ फिरवून घरी आलो.

सॉफ्टवेअर पुढं मीच घेतलं. त्यात भीमेचं पाणी केलंय, झकास चमकतं. आबा मात्र त्या दिवसापासून मला काहीच विचारत न्हाईत.